गॅझेटियरातले आम्ही

गेल्या जूनमध्ये दहावीतल्या एका मुलीचे वडील शाळेत आले. आडनाव शेख, धंदा गाद्या-उशा भरण्याचा. आजोबांच्या काळात कापूस पिंजण्याची तार आणि मोगरी खांद्यावर घेऊन गावोगाव फिरणं. मुलीच्या अकरावीसाठी ओबीसीचा दाखला हवा होता आणि एका कार्यालयानं अर्ज परत केला होता. कारण साधं होतं. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात 'मुसलमान' एवढंच लिहिलेलं. ते म्हणाले, "सर, इंटरनेटवर इंग्रजांच्या पुस्तकात आमचं नाव आहे म्हणे. ते काढून द्या."

मी काढून दिलं. त्याचा दाखल्याला उपयोग होणार नव्हता, कारण तिथं घराण्याचा कागद लागतो, ग्रंथ चालत नाही. पण त्या निमित्तानं मी स्वतः ते पुस्तक सलग वाचायला बसलो आणि पुढचे दोन-तीन महिने त्यातून बाहेर आलो नाही.

हे पुस्तक म्हणजे बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या गॅझेटियरचा एकोणिसावा खंड, सातारा, 1885. संपादक जेम्स कॅम्पबेल. सांगलीकरांनी हा खंड परका समजू नये. तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. पूर्वी हा खंड पाहायचा तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात ओळख काढून जावं लागे. आता तो इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहे, राज्य सरकारच्या गॅझेटियर विभागानंही जुने खंड संगणकावर आणले आहेत. एन्थोव्हेन यांचे मुंबई इलाख्यातल्या जाती-जमातींवरचे तीन खंड (1920 ते 1922) आणि जुन्या जनगणनांचे अहवालही असेच घरबसल्या मिळतात. मानववंशशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही मोठी सोय आहे. फक्त शोधताना इंग्रजांच्या कानानं ऐकावं लागतं. शिकलगार टाकून काही सापडत नाही, 'सैकलगर' टाकलं की सापडतं.

वाचताना आधी मौज वाटते. आतार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मुलाणी, सगळी आपल्या वर्गातली हजेरी तिथं ओळीनं उभी. मग हळूहळू लक्षात येतं की दख्खनच्या खंडांत प्रत्येक समाजाचं वर्णन एकाच साच्यातून काढलेलं आहे. पुरुष मध्यम उंचीचे, सावळे. घरी हिंदुस्थानी बोलतात, बाहेर मराठी. कष्टाळू आहेत, पण नमाजाला कच्चे. मुलांना शाळेत घालत नाहीत. आपसातच लग्नं करतात. एका समाजाचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं तरी फारसं बिघडणार नाही. आम्ही शिक्षक मंडळी प्रगतिपुस्तकावर 'अभ्यासात लक्ष द्यावे' असा शेरा चाळीस मुलांना सारखाच लिहितो, त्यातलाच हा प्रकार. कलेक्टर कचेरीतून माहिती मागवायची, कारकुनानं ती गोळा करायची, मुंबईत ती एका घाटात बसवायची. ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना ते वाचून दाखवायची पद्धत नव्हती. अपवाद सांगायचा तर गुजरातच्या मुसलमानांवरचा 1899 चा भाग खानबहादूर फजलुल्लाह लुत्फुल्लाह फरिदी यांनी लिहिला. आपल्या दख्खनच्या वाट्याला असा कुणी फरिदी आला नाही.

त्या 'घरी हिंदुस्थानी' या दोन शब्दांवर मी बराच अडलो. मी उर्दूही शिकवतो आणि मराठीही. माझी अम्मी जी बोलते ती ना लखनौची उर्दू, ना बाजारातली हिंदी. 'मेरेकू नक्को' म्हणणारी ती दख्खनी आहे आणि तिच्यात मराठीचा वाटा मोठा आहे. गॅझेटियरवाल्याला तिचं नाव ठाऊक नव्हतं. दुर्दैव असं की आपल्यातल्या कितीतरी शिकलेल्यांनाही ते सांगायची लाज वाटते.

साच्यातलं एक वाक्य मात्र निरुपद्रवी नाही. कितीतरी समाजांच्या नोंदीत येतं की हे मूळचे इथलेच हिंदू, औरंगजेबानं बाटवलेले असं सांगतात. पहिला अर्धा भाग खरा आहे, आम्ही इथलेच. दुसरा अर्धा भाग साताऱ्यापुरता तपासून पाहा. औरंगजेब डिसेंबर 1699 मध्ये अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आला, एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला, त्याचं नाव आजमतारा ठेवलं आणि काही वर्षांतच किल्ला पुन्हा मराठ्यांकडे गेला. वेढे, पूर आणि रसदेच्या विवंचनेत गेलेल्या त्या थोड्या वर्षांत गावोगावचे पिंजारी, आतार, मुलाणी घडले असं मानायला कल्पनाशक्ती बरीच ताणावी लागते. त्याआधी इथं बहमनी आणि आदिलशाहीची तीन शतकं गेली होती. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर 1978 साली पुस्तक लिहिलं. त्यात ते दाखवतात की सूफींची शिकवण बायकांच्या जात्यावरच्या आणि चरख्यावरच्या दख्खनी गाण्यांतून घरात शिरली, आणि तीही पिढ्यानपिढ्या हळूहळू झिरपत. आपल्या नान्या-दाद्या दळताना काय म्हणायच्या हे विचारून ठेवायची वेळ आता जवळजवळ निघून गेली आहे. तरी औरंगजेबाचं वाक्य टिकलं, कारण ते छापलेलं होतं. आज मोबाइलवर फिरणाऱ्या पुष्कळ 'इतिहासा'चं मूळ अशाच एखाद्या कारकुनी ओळीत असतं.

साचा कसा फसतो हे पाहायचं असेल तर मिरजेला जावं. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, तलवारींना पाणी देणारे. 1818 नंतर तलवारीचं राज्य संपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेत फरीदसाहेब शिकलगार यांनी बिघडलेली तंतुवाद्यं दुरुस्त करता करता तानपुरा आणि सतार बनवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे, तुणीचं लाकूड आणि पोलाद घासणारे हात. त्यांच्या वंशजांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेब तिथं स्थायिक झालेले. 1937 साली त्यांचा इंतकाल झाला, त्यांना दर्ग्यातच दफन केलं आणि त्यांच्या नावानं तिथं दर वर्षी गाणं होतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गॅझेटियर छापलं जात होतं तेव्हा हा बदल मिरजेत आकार घेत होता. पण 'सैकलगर' या शब्दापुढे 'धार लावणारे' एवढं लिहिलं की काम झालं.

इंग्रज गेले, मोजमाप राहिलं. रिस्ले यांनी नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावली होती. त्याच विद्येची जर्मन शाळा इरावती कर्वे यांनी पाहिली. बर्लिनला वंशश्रेष्ठत्व मानणाऱ्या ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या आणि गुरूला हवा होता तो निष्कर्ष दिला नाही. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावरून ठरत नाही, असं त्यांना दिसलं. परत येऊन डेक्कन कॉलेजात त्यांनी पुढेही माणसं मोजली, हेही लपवायला नको. पण आमच्या जिल्ह्यापुरतं त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम 1969 चं आहे. जाई निंबकर यांच्यासोबत त्यांनी कोयना धरणानं उठवलेल्या लोकांची पाहणी केली. मोजपट्टी बाजूला ठेवून माणसांना विचारलं की तुमचं काय झालं.

इरावतीबाई ज्या कवट्यांवर शिकल्या, तसल्या कवट्यांचा आज जगभर वाद आहे. 2024 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा माणसाची कवटी विकायला काढली होती. नागालँडमधून ओरड झाली आणि ती मागे घ्यावी लागली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयातले पूर्वजांचे अवशेष परत आणण्याची नागांची खटपट चालू आहे. आमचे कुणाचे अवशेष असे कपाटात नाहीत, आमची नुसती वर्णनं आहेत. ती परत मागता येत नाहीत, दुरुस्त मात्र करता येतात.

दुरुस्ती म्हटलं की घरातलाच वाद उभा राहतो. जुम्म्याच्या नमाजानंतर हा विषय काढून पाहा. कुणी म्हणेल, इस्लाममध्ये जात नाही, हे इंग्रजांनी लावलेलं भांडण आहे. इस्लामच्या शिकवणुकीत जात नाही हे खरंच. पण इम्तियाज अहमद यांनी 1973 साली संपादित केलेल्या पुस्तकात ठिकठिकाणच्या मुसलमानांचे अभ्यास एकत्र आले आणि व्यवहारात काय आहे ते समोर आलं. सोपी परीक्षा आहे: सय्यदांच्या घरी पिंजाऱ्याचं स्थळ कितीदा गेलं? महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम ओबीसींचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, दिलीपकुमार त्यांच्या सभांना आले, आणि डिसेंबर 1994 मध्ये सरकारी निर्णय निघून मागास व्यवसायांतल्या मुसलमानांना सवलतीचा रस्ता मोकळा झाला. मला विचाराल तर जातीची नोंद करणारे इंग्रज आणि हक्कासाठी तीच नोंद शोधणारा पिंजारी, या दोघांना एका तागडीत घालणं हा अन्याय आहे. वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आयुष्य घालवलेल्या गेल ऑम्वेट 2001 साली डर्बनच्या परिषदेवेळी जात जगापुढे मांडायच्या बाजूनं होत्या, तर आंद्रे बेते यांनी जातीला वंश ठरवायला ठाम विरोध केला. आपल्याकडे तो वाद अजून मशिदीच्या पायऱ्यांवरच आहे, पुढे येत नाही.

आता तो पुढे येईल. 30 एप्रिल 2025 ला केंद्रानं जनगणनेत जात मोजायचं ठरवलं. 1931 नंतर पहिल्यांदाच जनगणनेत सगळ्यांच्या जातीची मोजणी होईल, आणि 1 मार्च 2027 ही मोजणीची संदर्भ तारीख आहे. पेन यावेळी आपल्या तोंडी उत्तरावर चालणार आहे.

त्या मुलीच्या दाखल्याचं पुढे काय झालं ते सांगतो. गावच्या कोतवाल बुकात पणजोबांच्या घरातली एका मुलाच्या जन्माची नोंद सापडली. मोडीत होती, वाचणारा गाठायला तीन आठवडे गेले. त्यांनी चष्मा वर करून बोट ठेवलं आणि वाचलं, "पिंजारी". मुलीच्या वडिलांनी मोबाइलवर त्या ओळीचे चार फोटो काढले. परतताना एसटीत मी म्हणालो, आता जनगणनेवाला आला की हेच सांगा. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी सांगेन हो सर. पण चाचा म्हणतात, पोरींची लग्नं व्हायची आहेत, शेखच लिहायचं."