सवय की व्यसन?

आपल्याकडे दारूचं 'व्यसन' असतं, सिगरेटची मात्र नुसती 'सवय'. चाकणच्या टपरीवर कटिंग घेताना मीही हेच म्हणायचो. गंमत बघा, १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने सिगरेट आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचं नातं ठणकावून सांगितलं, पण तंबाखूला म्हटलं सवयच! 'व्यसन' म्हणायला १९८८ उजाडलं. तेव्हा कुठे निकोटीन हेरॉइन-कोकेनच्या पंगतीत बसलं.

पुढच्याच वर्षी सॉल शिफमन या मानसशास्त्रज्ञाने वेगळीच माणसं दाखवली. वर्षानुवर्षं दिवसाला जेमतेम पाच ओढणारी, आणि रात्रभर न ओढताही ज्यांना काहीच होत नाही अशी. म्हणजे सगळेच अडकत नाहीत. (शरीर निकोटीनचा निचरा किती वेगाने करतं, यात जनुकांचाही हात असतो.)

आमच्या टीममधला एकजण असाच. शुक्रवारी एक, मग आठवडाभर नाव नाही. त्याच्याकडे बघून मीही स्वतःला त्याच गटात धरलं होतं.

परवा म्हटलं, शिफमनची परीक्षा देऊन बघू. रात्री जेवणानंतर ओढली नाही. सकाळी चिंचवडला कंपनीच्या बसमध्ये बसलो. मोशी येईपर्यंत शेजाऱ्यावर दोनदा खेकसलो होतो. ड्रायव्हरला थांबायला सांगितलं नि उतरलो. बस गेली निघून.