कात्री, मेण आणि अक्षरे

एखाद्या हस्तव्यवसायाचा इतिहास बहुधा तो व्यवसाय बुडाल्यावरच कोणाला तरी आठवतो. अमेरिकेत पोर्टलंड येथील विद्यापीठात आरेखन शिकवणाऱ्या ब्रायर लेव्हिट यांना तो जुन्या वस्तूंच्या दुकानांत आठवला. पृष्ठरचनेची कालबाह्य पुस्तके तेथे पडून असत. ती जमवता जमवता बाईंनी २०१५ साली लोकवर्गणी गोळा केली आणि २०१७ साली ‘ग्राफिक मीन्स’ हा माहितीपट पडद्यावर आणला. धंद्याने त्या सिनेमावाल्या नव्हेत, हे विशेष.

शिशाचे खिळे गेले आणि संगणक आला, त्यांच्या मधली ही तीनचार दशके. फोटोच्या कागदावर उमटलेला मजकूर कापायचा, पाठीला मेण लावायचे आणि फिक्या निळ्या रेघांनी आखलेल्या पुठ्ठ्यावर बसवायचा. ती निळी रेघ छापखान्याच्या कॅमेऱ्याला दिसतच नसे! एखादा स्वल्पविराम चुकला, तर तेवढाच धारदार पात्याने उचलून बदलावा लागे.

मला मात्र यातला मजुरीचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. शिशाच्या जुळणीवर संघटित पुरुष जुळाऱ्यांचा ताबा होता. टंकलेखकासारख्या कळफलकावर जुळणी होऊ लागताच मालकांनी तेथे स्त्रिया बसवल्या, त्याही कमी पगारावर. कलेच्या इतिहासग्रंथांत त्यांची नावे क्वचितच सापडतील. पुढे १९८४ साली मॅकिन्टॉश आणि १९८५ साली पेजमेकर आले, आणि थोड्याच वर्षांत ही कामेही गेली.

बाईंनी वेळ साधली खरी. या पटात बोलणारे इंग्लंडचे आरेखनकार केन गार्लंड २०२१ साली वारले.