टिप आपल्या मर्जीची

बिलासोबत बडीशेप येते आणि आपला हात खिशाशी घुटमळतो. टिप किती ठेवायची?

उत्तरेत टिपेला ‘बख्शीश’ म्हणतात. शब्द मूळ फारसी. आपलं ‘बक्षीस’ही तेच. म्हणजे देणाऱ्याच्या मर्जीने दिलेलं.

पुढे अनेक रेस्टॉरंटांनी ही मर्जीच काढून घेतली. बिलातच ‘सर्व्हिस चार्ज’ छापून येऊ लागला, कुठे १० टक्के, कुठे कमी-जास्त. कित्येकांना तो सरकारी कर वाटे. हा पैसा वाढणाऱ्यापर्यंत पोचतो का, ते बिल सांगत नाही. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो ऐच्छिक असल्याचं सांगितलं, तरी सक्ती थांबेना. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावायला मनाई केली. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली. अखेर २८ मार्च २०२५ ला निकाल लागला: सक्ती बेकायदा, स्वखुशीची टिप चालेल.

तेव्हा आधी बिल वाचा. जीएसटी द्यावाच लागतो. सर्व्हिस चार्ज काढायला सांगता येतो. ऐकलं नाही, तर १९१५ वर तक्रार करा. पण तो काढायला लावलात, तर वाढणाऱ्याच्या हातात ५-१० टक्के जरूर ठेवा. भाजी खारट झाली, तर दोष त्याचा नव्हे. तो उर्मटपणे वागला, तर मात्र खुशाल हात आखडता घ्या.