नाक मोकळे करणारी औषधे : मुदत संपल्यानंतरचा वापर

सर्दीत नाक चोंदते ते शेंबडामुळे, असा समज आहे. मुख्य अडथळा असतो तो नाकाच्या आतल्या अस्तराच्या सुजेचा. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. या वाहिन्या आकसवणारी औषधे दोन प्रकारची आहेत : झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन यांचे थेंब किंवा फवारे, आणि स्यूडोएफेड्रिन, फेनिलेफ्रिन असलेल्या गोळ्या व पातळ औषधे. सर्दी आठवड्याभरात बरी होते, बाटली मात्र अर्धी उरते. पुढच्या पावसाळ्यात ती कपाटातून निघते तेव्हा मुदतीचा प्रश्न उभा राहतो.

भारतात औषधावर मुदत महिना आणि वर्ष अशी छापतात व त्या महिन्याचा शेवटचा दिवस धरतात. त्या दिवशी औषधाचे विष होत नाही. न उघडलेले, सांगितल्याप्रमाणे ठेवलेले औषध तोवर पूर्ण गुणकारी राहील, एवढीच ती उत्पादकाची हमी असते. मुदत संपलेले औषध दुकानदाराला विकता येत नाही. घरी मात्र ही तारीख पाहणेच अवघड जाते, कारण मेडिकलवाला पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो आणि तारीख पुष्कळदा दुकानातल्या तुकड्यावर राहून जाते.

गोळ्या तारखेनंतरही बऱ्याच टिकतात. अमेरिकेच्या लष्करी साठ्यातील औषधे फेकावी लागू नयेत म्हणून 1986 पासून त्यांची फेरतपासणी होते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात 122 औषधांचे घाणे तपासले होते. त्यांपैकी 88 टक्क्यांची मुदत किमान एक वर्षाने वाढवता आली, आणि सरासरी वाढ 66 महिन्यांची होती. पण ही औषधे मूळ बंद वेष्टनात, नियंत्रित हवेत ठेवलेली होती. कोकणातल्या जुलैत फडताळात पडून राहिलेल्या पट्टीला तो निष्कर्ष लावता येत नाही. शिळ्या औषधाने मूत्रपिंड बिघडल्याची जी उदाहरणे सांगतात ती 1963 च्या सुमाराची, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची आहेत. सर्दीच्या गोळ्यांत मुख्य भीती असते ती गुण न येण्याची.

फेनिलेफ्रिनच्या गोळीचा गुण तर मुदतीतही संशयास्पद आहे. पोटातून घेतल्यावर आतडे व यकृत तिचा बहुतेक भाग निकामी करतात. अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये ती निष्प्रभ असल्याचे एकमताने सांगितले आणि नोव्हेंबर 2024 मध्ये प्रशासनाने ती बाजारातून वगळण्याचा प्रस्ताव मांडला. अशा गोळीची तारीख शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. भारतात फेनिलेफ्रिन व क्लोरफेनिरामाइन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला.

थेंबांची गोष्ट वेगळी. बाटलीचे टोक नाकपुडीत घालून दाबले आणि तिथेच बोट सैल केले, की बाटली हवेबरोबर नाकातला स्रावही आत ओढते. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे जंतुरोधक त्यात असते खरे, पण ते वर्षभर पुरेल अशी अपेक्षा करू नये. म्हणून अनेक थेंबांवर उघडल्यानंतरची वेगळी, काही आठवड्यांची मुदत दिलेली असते. छापील तारीख दोन वर्षे पुढची असली तरी ही मुदत आधी संपते. द्रव गढूळ झाला असेल, तपकिरी पडला असेल किंवा तळाशी कण दिसत असतील, तर बाटली टाकून द्यावी. एकाची बाटली घरातल्या दुसऱ्याने वापरू नये. जुन्या थेंबांना गुण येत नाही म्हणून ते वाढवणे त्याहून वाईट. तीन ते पाच दिवसांपुढे वापर गेला, की थेंबांचा असर ओसरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते. मग पुन्हा थेंब, अशी सवयच लागते. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी ही औषधे, नवी असोत वा जुनी, डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

उरलेली बाटली घरात असण्याचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. हे थेंब एक-दोन मिलिलिटर गिळले गेले, तरी पाच वर्षांखालच्या मुलाची नाडी मंदावू शकते, श्वास कमी होऊ शकतो, ते बेशुद्धही पडू शकते. अमेरिकेत 2012 साली याबाबत जाहीर इशारा देण्यात आला. मुलाने बाटली तोंडाला लावल्याचे कळले तर लक्षणांची वाट न पाहता, बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. बाटली मुदतीतली होती की बाद, याने तिथे काही फरक पडत नाही.