जुन्या मोटारीची डिकी : अस्तर कशाचे असावे?

विंटेज मोटारीचा रंग, क्रोमचे पाणी, आसनांचे चामडे यांवर मालक हौसेने खर्च करतो. डिकीच्या अस्तराची आठवण सर्वांत शेवटी होते आणि मग सीटकव्हरवाल्याकडे उरलेला गालिच्याचा तुकडा चिकटवून काम उरकले जाते. अस्तर म्हणजे केवळ सजावट, हा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुंबईत किंवा कोकणात चुकीचे अस्तर ओल धरून ठेवते. वरून सारे नीटनेटके दिसत असताना त्याखालचा पत्रा गुपचूप कुजत राहतो.

'डिकी' हा शब्दही मुळात सामानाचा नाही. पूर्वीच्या दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे उघडमीट करता येणारे जादा आसन असे. ती 'डिकी सीट'. सामानाची पेटी बाहेर, मागच्या घोडीवर पट्ट्यांनी बांधली जाई. अमेरिकेतला 'ट्रंक' हा शब्द त्या पेटीवरूनच रूढ झाला. १९३० च्या दशकात सामानाची जागा बॉडीतच सामावू लागली आणि अस्तराचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

प्रत्येक देशाने तो आपल्या परीने सोडवला. ब्रिटिश जॅग्वार मोटारींच्या डिकीत 'हार्डुरा' ही पाठीला फेल्ट असलेली टिकाऊ चटई असे. ऑस्टिन-हीलीत 'आर्माकॉर्ड' हे जाडेभरडे कापड. १९६० च्या दशकातील अनेक अमेरिकी मोटारींत पत्र्यावर ठिपक्याठिपक्यांचा रंग फवारून वर चौकटीच्या नक्षीची चटई टाकलेली असे. फियाट ११०० किंवा अँबॅसेडरसारख्या मोटारी तर स्वभावानेच साध्या. त्यांच्या डिकीत मऊशार गालिचा अंथरणे म्हणजे धोतरावर टाय लावण्यासारखे आहे. म्हणून जुने अस्तर कितीही जीर्ण असले, तरी ते थेट कचऱ्यात जाऊ नये. त्याची छायाचित्रे काढावीत, कागदावर माप उतरवून घ्यावे आणि एक तुकडा जपून ठेवावा. मूळ रंग, वीण, कडेची शिवण यांचा तेवढाच पुरावा हाती असतो.

अस्तराच्या आधी पत्रा पाहावा लागतो. मागच्या काचेचे रबर, दिव्यांची गॅस्केटे, डिकीच्या दाराचे रबर यांतून पाणी झिरपत असेल, तर कोणतेही अस्तर टिकणार नाही. गंज खरवडून, प्रायमर व रंग देऊन, तळाच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या झाल्यावरच निवडीला अर्थ येतो.

तागाचे फेल्ट स्वस्त असते, आवाज चांगला शोषते आणि जुन्या मोटारीला शोभते. पण पाणीही तितकेच शोषते. आसनांत भरतात तो साधा फोम तर ओल्या स्पंजासारखाच वागतो. आवाज कमी करायचाच असेल, तर पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्यावा. लोकरीचा गालिचा देखणा आणि महागड्या मोटारींच्या परंपरेला धरून आहे, मात्र त्याला कसर लागते. नायलॉनचा गालिचा कसरीपासून सुरक्षित आणि लवकर वाळणारा असला, तरी त्याची कृत्रिम चकाकी १९३० च्या दशकातील मोटारीत डोळ्यांना खुपते. रबरी चटई धुवायला सोपी असते. तिच्याखाली शिरलेले पाणी मात्र वाळायला वाटच नसते, म्हणून ती अधूनमधून उचलून पत्रा कोरडा करावा लागतो. स्टेपनीवरच्या फळीसाठी साधा हार्डबोर्ड नको; तो ओलाव्याने फुगतो. त्याऐवजी मरीन प्लाय वापरावे आणि त्याच्या कापलेल्या कडाही रंगवून बंद कराव्यात.

खरी चूक बहुधा कापडात नसते, ती चिकटवण्यात होते. लाकूडकामाचा पांढरा गोंद ओलाव्यात सुटतो. रबरयुक्त गोंद पत्र्याला घट्ट धरतो, पण उन्हात तापलेल्या डिकीत हलक्या प्रतीचा गोंद मऊ पडून बाजूचे अस्तर लोंबू लागते. बाजूंना उष्णता सोसणारा गोंद बेताने लावावा. तळाचे अस्तर चिकटवूच नये. ते सुटे, उचलता येण्याजोगे असावे, म्हणजे पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून खालचा पत्रा पाहता येतो.

काही मोटारींची गरज वेगळी असते. १९५९ च्या मूळ मिनीची बॅटरी डिकीतच असते. तिथे आम्ल सोसणारे रबर हवे आणि जॅक किंवा पाना बॅटरीच्या टोकांना भिडणार नाही अशी आडकाठीही हवी. फोक्सवॅगन बीटलची डिकी पुढे असून पेट्रोलची टाकी तिथेच असते. तिथे पेट्रोलचा वास आला, तर आधी गळती शोधावी. गालिचा तो वास फक्त धरून ठेवतो.

२०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार ५० वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात जपलेले वाहन 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. सांगाडा, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठे फेरफार मात्र चालत नाहीत. गालिचा पुन्हा बदलता येतो. डिकीचा तळ हा बॉडीचाच भाग असल्याने तो कुजून कापावा लागला, तर मूळ पत्र्याचा तेवढा हिस्सा कायमचा जातो.