सिंदखेडराजा: मोती तलाव आणि जिजाऊंचं माहेर



दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे सिंदखेडराजाला जाऊन आलो. मुलाला समृद्धी महामार्गाने जायचं होतं, पण मी हट्टाने जुना रस्ता घ्यायला लावला. मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड. डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी होती.

आधी मोती तलाव पाहिला. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे पाणी भरपूर होतं. जाधवांच्या काळातला दगडी बांध अजून उभा आहे. गावात चांदणी तलाव आहे, सजना बारव आहे, मूर्ती कोरलेली पुतळा बारव आहे. आपल्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या बाईला राजवाड्याच्या आधी ही पाण्याची सोयच दिसते. मी तर तिथेच अर्धा तास बसले.

मग लखुजीराव जाधवांचा राजवाडा. केवढा दरवाजा! आत १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ जन्मल्या ती जागा आहे. दरवर्षी त्या दिवशी इथे माणसांचा पूर येतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र सामसूम होती. माझी नात दुसरीत आहे. तिने विचारलं, "आजी, जिजाऊ लग्न झाल्यावर इथे राहायला यायच्या का?"

मला पटकन उत्तर देता येईना.

लखुजीराव निजामशाहीतले मोठे सरदार आणि जावई शहाजीराजेही तिथलेच. एकदा दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती पिसाळला. त्याला आवरताना जाधव आणि भोसले एकमेकांवरच तुटून पडले. त्यात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला आणि शहाजीराजांचा चुलतभाऊ संभाजीही गेला. एका हत्तीपायी माहेर आणि सासर समोरासमोर उभं राहिलं. इतिहासात हे दोन ओळींत येतं. मधल्या बाईचं काय झालं असेल, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ते मला थोडंफार कळतं. आमच्याकडे हत्ती नव्हता, आडत दुकानाची भागी होती. माझा दादा आणि आमचे हे, दोघांची. हिशेबावरून बिनसलं आणि सात वर्षं बोलणं बंद. मी बीकॉम, वह्या मीच लिहायची. कुणाचं कुठे चुकलं ते मला आकड्यांत स्वच्छ दिसत होतं. तरी मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर एक घर तुटलं असतं. गप्प राहूनही तुटलंच. राखी पोस्टाने जायची. दर क्षमावाणीला गावभर क्षमा मागायची आणि दादाच्या दारावरून पुढे जायचं.

जिजाऊंचं दुःख याहून फार मोठं. लखुजीराव मधल्या काळात मोगलांकडे जाऊन परत आले होते, म्हणून निजामशहाच्या मनात संशय. जुलै १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात, भर दरबारात, ते, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव मारले गेले. बाप, दोन भाऊ आणि भाचा, एकाच दिवशी. शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३०चा. मी तिथल्या पायरीवर बसून बोटांवर महिने मोजले. सातच भरतात. म्हणजे ती बातमी आली तेव्हा जिजाऊ दोन महिन्यांच्या गरोदर होत्या. पुढे शहाजीराजेही निजामशाही सोडून काही काळ मोगलांकडे गेले. शिवनेरीवर बाळंतपण झालं, आणि त्याच वर्षी दख्खनचा तो भयंकर दुष्काळ सुरू झाला.

लखुजीरावांची समाधी गावातच आहे. चांगली भव्य, घुमटाची. २०२४ मध्ये तिच्या परिसरात काम चालू असताना जमिनीतून शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, ते वर्तमानपत्रात वाचलं असेल तुम्ही. आमचे हे समाधीभोवती हळूहळू एक चक्कर मारून आले आणि माझ्याशेजारी उभे राहिले. काही बोलले नाहीत.

सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून पुन्हा मोती तलावावर आलो आणि बांधावर डबे उघडले. नातीने परत तोच प्रश्न विचारला. मी म्हटलं, "बाळा, येणं फार अवघड झालं होतं त्यांना."

दशमीचा तुकडा मोडत हे म्हणाले, "पुढच्या वेळी तुझ्या दादाला पण आणू. गाडीत एक जागा आहे."