शेअर बाजार म्हणजे नेमकं काय? पैसे टाकण्याआधी एवढं समजून घ्या

नांदूरघाटमध्ये जुम्याच्या नमाजनंतर आमचा एक जुना विद्यार्थी मोबाइल घेऊन आला. "सर, शेअर बाजारात पैसे लावतात, महिन्याला 10 टक्के हलाल नफा पक्का देतात. अब्बांचे सोयाबीनचे पैसे टाकू का?" आम्ही त्याला बसवून जे सांगितलं, तेच इथे मांडतो.

शेअर म्हणजे हिस्सा

समजा, जिनिंग काढायला 50 लाख लागतात. 10 रुपयांचा एक, असे 5 लाख हिस्से केले. तुम्ही 500 हिस्से घेतले, तर 5 हजार रुपयांत हजारातल्या एका भागाचे मालक झालात. नफा झाला तर वाटा, तोटा झाला तर तोही तुमचा. शिरकत म्हणतात ती हीच.

लिस्टेड कंपनी

कंपनी पहिल्यांदा लोकांना शेअर विकते, त्याला आयपीओ म्हणतात. नवे शेअर काढले असतील तर तो पैसा कंपनीला मिळतो. मग शेअर बाजारात नोंदले जातात. यापुढची खरेदी-विक्री लोकांची आपसातली, त्यातला पैसा कंपनीकडे जात नाही. लिस्टेड कंपनीला दर तीन महिन्यांनी हिशेब जाहीर करावा लागतो.

बाजार कुठून आला?

याची नाळ आपल्या कापसाशी आहे. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शेअरचा सट्टा माजला. युद्ध संपताच 1865 मध्ये भाव कोसळले, मोठमोठे व्यापारी बुडाले. पुढे 1875 मध्ये दलालांनी संघटना केली, तोच आजचा मुंबई शेअर बाजार, बीएसई. दुसरा मोठा बाजार एनएसई, तिथे 1994 मध्ये व्यवहार सुरू झाले.

बाजार समितीला जसं कार्यक्षेत्र असतं, तसे पूर्वी शहराशहरांत शेअर बाजार होते, पुण्यातही होता. संगणक आल्यावर ती हद्द मिटली. आता केजमधूनही मोबाइलवर सौदा होतो. अडत्याच्या जागी ब्रोकर आहे, शेअर डिमॅट खात्यात जमा होतात आणि सौदा दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पूर्ण होतो. या सगळ्यावर सेबीची देखरेख असते. तिला 1992 मध्ये कायद्याने अधिकार मिळाले.

हलाल-हरामचं काय?

अनेक उलमांनी काही अटींवर शेअरला जायज म्हटलं आहे. धंदा दारू, जुगार, व्याजी बँकिंग असा नसावा, कंपनीवरचं व्याजी कर्ज ठरावीक मर्यादेत असावं. अशा चाळणीतून निवडलेल्या कंपन्यांचा 'निफ्टी 50 शरिया' निर्देशांक आहे. फ्युचर्स-ऑप्शन्सला मात्र बहुतेक उलमा नाजायज ठरवतात. हिशेबही तेच सांगतो: सेबीच्या 2024 च्या अभ्यासात, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतल्या दर 100 व्यक्तींपैकी 93 जणांना तोटा झाला. आपल्या बाबतीत मसला आलिमांनाच विचारावा.

मग '10 टक्के पक्के' कसे?

बाजारात भाव रोज वर-खाली होतो, म्हणून खरा ब्रोकर ठराविक नफ्याची हमी देत नाही, देऊही शकत नाही. आणि रकमेवर आधीच ठरलेला परतावा ही शिरकत नव्हे. 2019 मध्ये बेंगळुरूच्या आयएमएमध्ये 'हलाल' शब्दावर विश्वास ठेवून हजारो मुस्लिम कुटुंबांची बचत अडकली.

पैसे देण्याआधी तीन गोष्टी पाहा: ब्रोकरचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर आहे का, डिमॅट खातं तुमच्याच नावावर आहे का, आणि पैसे कुणा माणसाच्या खासगी खात्यात तर मागत नाहीत ना. तक्रार सेबीच्या 'स्कोर्स' पोर्टलवर करता येते.

आमच्या विद्यार्थ्याने तिथेच बसून नोंदणी क्रमांक मागवला. समोरून उत्तर आलं नाही, नंबर ब्लॉक झाला. सोयाबीनचे पैसे अब्बांच्याच खात्यात राहिले, अल्हम्दुलिल्लाह.